पाय दाखवायला जाताना पाय सजवू नका

पत्र: मी 61 वर्षांची गृहिणी, सहकारनगरला राहते. चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी कुरूप झालंय. दुखत अजिबात नाही, पण मध्यभागी काळसर ठिपका दिसायला लागला म्हणून फॅमिली डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पोडियाट्रिस्टकडे, म्हणजे पायांच्या डॉक्टरांकडे, जायला सांगितलं, पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली आहे. मुलगा म्हणतो, 'दुखत नाही तर कुरूपासाठी स्पेशालिस्ट कशाला?' आमचे हे म्हणतात, मंडईपाशी एक माणूस बसतो, पाच मिनिटांत काढून देतो. माझी काळजी वेगळीच आहे. टाचांना भेगा, नखं जाड आणि पिवळी, असे पाय परक्या माणसापुढे ठेवायची लाज वाटते. म्हणून सोमवारी पार्लरमध्ये पेडिक्युअर करून घ्यायचं ठरवलंय. बरोबर काय न्यायचं? तिथे कापतात का? आणि दरवर्षी मी आळंदी ते पुणे माउलींच्या पालखीबरोबर अनवाणी चालते, ते यंदा जमेल का?

उत्तर: ताई, आधी सोमवारचं पार्लर रद्द करा. बाकीचं मग वाचा.

पेडिक्युअरमध्ये पाय कोमट पाण्यात भिजवतात, कातडी मऊ झाली की खरवडतात, नखांचे कोपरे कोरतात, कडेची कातडी मागे ढकलतात. ज्याला पायाची जाणीव पूर्ण आहे तो जरा टोचलं की पाय मागे घेतो. तुमचं कुरूप काळं पडेपर्यंत दुखलं नाही, म्हणजे तुम्ही पाय मागे घ्याल याची खात्री नाही. पार्लरमधल्या मुलीलाही तुमच्या चेहऱ्यावर काही दिसणार नाही. एखादा बारीकसा काप राहून जाईल आणि मंगळवारी डॉक्टरांपुढे एकाऐवजी दोन प्रश्न असतील.

दुसरं कारण असं की डॉक्टरांना तुमचा पाय जसा वापरात आहे तसाच बघायचा असतो. घट्टा कुठे आणि किती जाड, भेगा टाचेच्या कडेला आहेत की मध्ये, नखाचा रंग कोणता, बोटांच्या बेचक्यात चिखल्या आहेत का, यावरून ते पुढचा विचार करतात. हे सगळं घासूनपुसून नेलंत तर ते बघणार काय? लाजेचं म्हणाल, तर जखमा, पू, काळी पडलेली बोटं हे त्यांचं रोजचं काम आहे. तुमच्या भेगा बघून त्यांना हायसंच वाटेल.

मंगळवारी सकाळी पाय साध्या साबणाने धुवा, बोटांच्या मधली जागा टिपून कोरडी करा, बस्स. त्या दिवशी क्रीम, तेल, मेंदी, आळता काही नको. नखांना पॉलिश असेल तर आदल्या दिवशी काढून टाका, कारण नखाखालचा रंगही बघतात. नखं कापायची राहिली असतील तर राहू द्या. जोडवी साबण लावून सहज निघाली तर काढून ठेवा. रुतून बसली असतील तर ओढाताण करू नका, तिथेच सांगा.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न. तो चुकीचा नाही, पण उलटा आहे. दुखत नाही म्हणूनच जायचं.

साध्या कुरूपावर रोज चालायचं तर ते खुपतं. खुपतं म्हणून माणूस तिरका चालतो, चप्पल बदलतो, घरात कुरकुर करतो. तुम्ही यातलं काहीच केलं नाहीत. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू बोथट होतात. काहींना आधी मुंग्या येतात, रात्री तळपायांची आग होते. काहींना काहीच होत नाही, नुसती जाणीव जाते. मग एकाच जागी दाब पडत राहतो, शरीर तिथे कातडी जाड करतं, आणि ती जाड कातडी खालच्या मऊ भागाला खड्यासारखी टोचत राहते. तुम्ही लिहिलेला काळसर ठिपका बऱ्याचदा आत झिरपलेलं रक्त असतं. वरून कुरूप दिसतं आणि खाली जखम तयार होत असते. मी पत्रावरून निदान करत नाही, पण तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी घाई का केली ते यावरून कळेल.

ही गोष्ट आधी मधुमेहींमुळे कळलेली नाही. 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांवर काम करत होते. कुष्ठरोगात हातापायांची बोटं आपोआप सडून गळतात, असाच तेव्हा समज होता. ब्रँड यांना दिसलं ते निराळं. वेदनेची जाणीव गेलेली, त्यामुळे चटका, काच, खिळा, घट्ट चप्पल काहीच कळत नाही. लहान जखम होते, त्या जखमेवरच माणूस चालत राहतो, आणि बोटं जातात ती त्यापायी. आज मधुमेही पायांची जी काळजी सांगितली जाते, तिच्यातलं बरंच या कामातून आलेलं आहे. मुलाला हे वाचायला द्या. माझ्यापेक्षा त्यांचं म्हणणं त्याला पटेल.

'पोडियाट्रिस्ट' अशी पाटी असलेला माणूस नेमका कोण, हे मात्र विचारून घ्या. अमेरिकेत पायांच्या डॉक्टरचं चार वर्षांचं वेगळं शिक्षण असतं आणि त्यानंतर रुग्णालयातलं प्रशिक्षण. ब्रिटनमध्येही हा नोंदणी असलेला स्वतंत्र पेशा आहे. आपल्याकडे तशी सरळ वाट नाही. पाटीमागे कधी सर्जन असतात, कधी मधुमेहतज्ज्ञ, कधी फिजिओथेरपिस्ट, तर कधी पट्टे-बूट बनवणारे ऑर्थोटिस्ट. सगळ्यांचं काम उपयोगाचं आहे, पण प्रत्येकाचं वेगळं आहे. तुमच्या बाबतीत कातडीखाली जखम असण्याची शक्यता आहे. म्हणून ती उघडून साफ करू शकणारा, औषध लिहू शकणारा डॉक्टर हवा. फोनवर सरळ विचारा: 'डॉक्टरांचं शिक्षण काय? मधुमेही पायांच्या जखमा ते स्वतः बघतात का?' दवाखान्यात आणि औषधाच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक लिहिणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, तो बघायला संकोच नको. रिसेप्शनवरच्या बाईंनी भुवया उंचावल्या तर उंचावू द्या, आपण पुण्यात राहतो.

वानवडीला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आहे. पाय बनवून देणारे या शहराला नवे नाहीत, असलेला पाय राखणारे मात्र आत्ता आत्ता दिसायला लागलेत. खासगी दवाखान्याचा खर्च झेपणार नसेल तर ससूनच्या बाह्यरुग्ण विभागात सर्जरीला दाखवता येतं. रांग लावावी लागेल, पण जखम बघणारे हात तिथेही सरावलेले आहेत.

बरोबर काय न्यायचं? सगळ्यात महत्त्वाची एक पिशवी भरा आणि तिच्यात तुमची पादत्राणं घाला. नवी कोरी नकोत. रोज वापरता ती बाहेरची चप्पल, फिरायला जायचे बूट, घरातली स्लिपर आणि मोजे घालत असाल तर तेही. गाडीचा टायर एका बाजूने झिजला की मेकॅनिक आधी चाक बघतो; झिजलेला तळ बघून डॉक्टरही तुमचा भार कुठे पडतो ते ओळखतात. बुटात हात घालून आतलं अस्तर चाचपतात. कित्येकदा कुरुपाचं कारण तिथेच, दुमडलेल्या अस्तरात किंवा वर आलेल्या खिळ्यात सापडतं. कोल्हापुरी वापरत असाल तर तीही न्या. सवयीच्या पायाला ती छान असते, पण तिचा तळ कडक असतो आणि चपलेचा अंगठा बोटाला घासतो. जाणीव कमी झालेल्या पायाला या दोन्ही गोष्टी वाईट.

कागदांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा म्हणजे एचबीए1सीचा शेवटचा रिपोर्ट, किडनीचा क्रिएटिनिन, आधी पायाचा एक्स-रे काढला असेल तर तो. औषधांची यादी लिहून न्या, 'ती गुलाबी गोळी' म्हणून भागत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती यादीत सगळ्यात वर लिहा, कारण कुरूप तासताना त्यांना ते माहीत हवं. पण म्हणून ती गोळी मनाने बंद करू नका. कुठल्या औषधाची अॅलर्जी असेल तर तीही लिहा.

उपाशी जाऊ नका. पायाच्या साध्या तपासणीला उपास लागत नाही. नेहमीचा नाश्ता, नेहमीच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊनच निघा. दवाखान्यात वेळ लागतो, तेव्हा साखर उतरली तर हाताशी असावी म्हणून पर्समध्ये बिस्किटं आणि थोडी साखर ठेवा. कपडे असे घाला की गुडघ्यापर्यंत पाय मोकळा करता येईल. चुडीदार नको.

यजमानांना बरोबर न्या. मंडईचा विषय मिटवायला तर न्याच, पण पुढे रोज तळवे बघायचं काम त्यांच्याकडे येणार आहे म्हणूनही. आपलाच तळवा आपल्याला वाकून नीट दिसत नाही, आणि मधुमेहात डोळेही अधू होतात.

आत गेल्यावर आधी पुष्कळ प्रश्न होतील. जखम आधी कधी झाली होती का, भरायला किती दिवस लागले, चालताना पोटऱ्या भरून येतात का, तंबाखू किंवा मिश्री लावता का. मिश्रीचं खरं सांगा, तंबाखूचा पायाच्या रक्तवाहिन्यांशी थेट संबंध आहे. देवपूजेला, जेवायला खाली मांडी घालून बसता का हेही विचारतील. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला घट्टे पडतात ते त्यानेच.

मग पाय हातात घेऊन बघतील. दोन्ही पावलं सारखी गरम आहेत का, पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे नाडी लागते का. त्यानंतर नायलॉनच्या बारीक तारेची चाचणी. ही तार 10 ग्रॅम दाब पडला की वाकते. तुमचे डोळे मिटलेले असतात, ते तळव्यावर ठिकठिकाणी तार टेकवतात आणि तुम्ही 'हो' म्हणायचं. इथे पास व्हायचा प्रयत्न करू नका. किलकिल्या डोळ्यांनी बघून, अंदाजाने 'हो' म्हणणारे पेशंट असतात, शिकल्यासवरलेले असतात. त्यात नुकसान त्यांचंच. कळलं नाही तर गप्प बसा, गप्प बसणं हेच तिथलं उत्तर आहे. नंतर 128 हर्ट्झचा कंपनकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवतील, किंवा बायोथेसिओमीटर नावाच्या मशीनने कंपन किती व्होल्टला कळतं ते मोजतील. 25 व्होल्टच्या पुढे गेलं तर जाणीव बरीच गेली असं धरतात.

रक्तपुरवठा बघायला दंडाचं आणि घोट्याचं ब्लडप्रेशर घेऊन त्यांचं गुणोत्तर काढतात. 0.9 पेक्षा कमी आलं तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शंका येते. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झालेल्या असल्या तर हा आकडा फसवा, जास्तही येतो. तेव्हा 1.4 आला म्हणून खूश होऊ नका, 'पायाच्या बोटाचा दाब बघायचा का' असं विचारा.

कापतात का, असं विचारलंयत. कुरूप तासतात. छोट्या ब्लेडने मेलेली कातडी थरथराने काढतात. भूल द्यावी लागत नाही, कारण मेलेल्या कातडीला संवेदना नसते. तासल्यावर खाली लाल, ओली जागा दिसली, थोडं रक्त आलं, तर 'यांनी जखम केली' असा गैरसमज करून घेऊ नका. जखम आधीच होती, झाकण निघालं एवढंच. मग ड्रेसिंग, हाडापर्यंत काही गेलंय का ते बघायला कदाचित एक्स-रे, आणि त्या जागेवरचा भार काढायची काही सोय. भार काढणं हा खरा उपचार आहे. मलमं कितीही भारी आणा, त्याच जागेवर चालत राहिलात तर जखम भरत नाही.

मंडईच्या माणसाकडे का जायचं नाही, ते आता वेगळं सांगायला नको. त्याचं पातं कुणाकुणाच्या पायांतून फिरून आलंय ते त्यालाही माहीत नसतं. बिब्बा, रुईचा चीक हे गावाकडचे उपायही लांब ठेवा, दोन्ही कातडी जाळतात. औषधाच्या दुकानातल्या कुरुपाच्या पट्टीत सॅलिसिलिक अॅसिड असतं, तेही तेच करतं, फक्त पाकीट छान असतं. टाचांच्या भेगांना कोकमाचं तेल किंवा साधं व्हॅसलिन चालेल. मात्र बोटांच्या बेचक्यात काही लावू नका, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात.

पैशांचं स्पष्ट बोला. तपासणीची फी, तासण्याची फी आणि तळव्यावर दाब कुठे पडतो ते दाखवणाऱ्या मशीनवरच्या चित्राची फी बहुधा वेगवेगळी असते. ते लाल-निळं चित्र दिसायला फार शास्त्रीय असतं. काहींना त्याचा उपयोग होतो, पण प्रत्येकाला ते लागत नाही. 'यामुळे माझ्या उपचारात काय बदलेल?' असं विचारा. इनसोल किंवा खास चप्पल सुचवली तर किंमत लिहून घ्या, त्याच दिवशी पैसे भरायची सक्ती नसते. पाय मापात बसण्याइतकी खोल चप्पल, मागे पट्टा आणि आत मऊ थर, एवढं मुख्य.

या मऊ थरासाठी आपल्याकडे मायक्रोसेल्युलर रबर वापरतात, त्यालाच दुकानात एमसीआर म्हणतात. कुष्ठरुग्णांसाठी हा वापरात आला, आणि त्यामुळे काही घरांत 'ती चप्पल दारात दिसली तर लोक काय म्हणतील' म्हणून बायका ती घालायलाच तयार होत नाहीत. मला याचा राग येतो, पण राग येऊन चप्पल पायात जात नाही. म्हणून सांगते: आता ही पादत्राणं साध्या सँडलसारखी, हव्या त्या रंगात मिळतात. सोसायटीत कुणाला ओळखू येणार नाही. आणि ओळखलंच तर पाय तुमचा आहे.

निघताना दोन गोष्टी विचारून घ्या: माझा पाय किती धोक्यातला आहे, आणि पुन्हा कधी यायचं? जाणीव आणि रक्तपुरवठा दोन्ही चांगले असतील तर वर्षातून एकदा पुरतं. दोन्हीपैकी एक बिघडलं असेल तर सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही बिघडले असतील, किंवा एकाच्या जोडीला बोटं वाकडी झाली असतील तर तीन ते सहा महिन्यांनी. अशा पायाला आधी जखम होऊन गेली असेल तर एक ते तीन महिन्यांनी. 'काही वाटलं तर या' हे उत्तर तुम्ही स्वीकारू नका, कारण तुम्हाला काही वाटतच नाही.

मंगळवारपर्यंत तळजाई टेकडीवरचं फिरणं बंद. घरातही अनवाणी नको, अगदी देवघरात जातानासुद्धा त्यासाठी वेगळी मऊ स्लिपर ठेवा. ठिपका वाढला, पाणी किंवा वास यायला लागला, लाली वर सरकली, ताप आला, एखादं बोट निळं-काळं पडलं, तर मंगळवारची वाट न बघता त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जा. पाऊल अचानक सुजून गरम झालं आणि तरी फारसं दुखत नसेल तर तेही तातडीचं समजा. त्याला मुरगळा समजून तेल लावून चोळतात आणि वर माणसाला चालवतात. आतली हाडं खचत असतील तर त्याने पाऊल कायमचं वाकडं होतं.

राहिली वारी. कुरुपाखाली जखम निघाली तर यंदा आळंदीहून चालायचं नाही, यात घासाघीस नको. जखम नसेल, किंवा पालखी निघण्याच्या बरीच आधी भरून डॉक्टरांनी हो म्हटलं, तर थोडं अंतर चालता येईल, पण अनवाणी नाही. जूनमधला डांबरी रस्ता पाय भाजतो, आणि पाऊस पडला की चिखलात काय रुतलंय ते दिसत नाही. नवी चप्पलही त्या दिवशी पहिल्यांदा घालायची नाही. रोज थोडा वेळ घालून पायाला सवय करा, दर वेळी काढल्यावर तळव्याला लाल डाग पडलाय का ते यजमानांना बघू द्या. आणि यंदा नाहीच जमलं, तर माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात मुक्कामाला येतेच. सहकारनगरहून रिक्षाने जा, दर्शनाच्या रांगेत मोजे घालून उभ्या राहा.